जुनी डिझेल जीप स्टार्ट होत नसेल तर दोष कसा शोधावा

किल्ली फिरवली आणि जीप स्टार्ट झाली नाही, की आपल्याकडे दोनच निदाने ठरलेली असतात: बॅटरी गेली किंवा सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) गेला. मग नवी बॅटरी येते, सेल्फ उतरवून इलेक्ट्रिशियनकडे जातो, खर्च होतो, आणि आठवड्याभराने तेच दुखणे पुन्हा डोके वर काढते. पंचवीस-तीस वर्षे चिखलातून, ओढ्यांतून आणि घाटवाटांतून फिरलेल्या जीपमध्ये मूळ दोष पुष्कळदा बॅटरी आणि सेल्फ यांच्या मधल्या वाटेत, म्हणजे केबल, टर्मिनल आणि अर्थ (प्रवाहाची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची वाट) यांमध्ये दडलेला असतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण साध्या डिजिटल मल्टीमीटरने अर्ध्या तासात सापडतो. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी मोजमाप करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुढील पद्धत माझ्या महिंद्रा एमएम ५४० वर, म्हणजे प्यूजो बनावटीच्या २११२ सीसी डिझेल इंजिनाच्या जीपवर मी वापरत आलो आहे. त्या काळच्या इतर डिझेल जीपनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडते.

कामाला हात घालण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री स्वतः लिव्हर हलवून करून घ्यावी. या जुन्या गाड्यांत गिअर पडलेला असतानाही सेल्फ फिरतो. गाडीखाली झोपून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट जोडण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. त्या वेळी गिअर पडलेला असला तर गाडी अंगावरून जाऊ शकते, त्यामुळे ते मुळीच करू नये. हातातील अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडायची असल्यास आधी निगेटिव्ह काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान मिनिटभर थांबावे.

पहिला प्रश्न एवढाच, की इंजिन फिरते आहे की नाही. ते नेहमीच्या वेगाने फिरत असूनही पेट घेत नसेल, तर दोष डिझेलच्या किंवा हीटरच्या (थंड इंजिनात उष्णता देणाऱ्या हीटर प्लगांच्या) बाजूला आहे. त्याकडे शेवटी येऊ. इंजिन फिरतच नसेल किंवा रडतखडत फिरत असेल, तर हेडलाइट लावून किल्ली फिरवावी आणि समोरच्या भिंतीवरील उजेडाकडे पाहावे. दिवे जवळजवळ विझले तर बॅटरी उतरलेली आहे, तिच्या टर्मिनलला जोड नीट नाही किंवा सेल्फ वा इंजिन जॅम आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि कसलाही आवाज झाला नाही, तर किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतच्या (सेल्फला बॅटरीचा प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचपर्यंतच्या) बारीक वायरीत खंड आहे. एकच ‘टक्’ आवाज आला, पण दिवे फारसे मंदावले नाहीत, तर सोलेनॉइडचे आतले संपर्क जळालेले असावेत किंवा जाड केबलच्या वाटेत, विशेषतः इंजिनाच्या अर्थमध्ये, अडथळा असावा.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. ओढा किंवा नदी ओलांडताना इंजिन बंद पडले असेल, तर पुन्हा सेल्फ मारण्याचा मोह टाळावा. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले असल्यास ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा हीटर प्लग काढून, क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे आणि पाणी बाहेर येऊ द्यावे.

आता मोजमाप. बॅटरी रात्रभर विश्रांती घेतलेली असावी. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून वाचन घ्यावे: १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मा, आणि १२.० च्या आसपास असेल तर आधी बॅटरी चार्ज करावी, कारण उतरलेल्या बॅटरीवर पुढच्या चाचण्या फसव्या ठरतात. त्यानंतर इंजिन बंद करायची स्टॉपची केबल पूर्ण ओढून ठेवून (म्हणजे इंजिन फिरेल, पण पेट घेणार नाही) सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. त्या वेळी बॅटरीचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा अधिक प्रवाह ओढतो आहे. दाब साडेदहा-अकरावर टिकूनही इंजिन संथ फिरत असेल, तर बॅटरी निर्दोष आहे आणि तिची ताकद वाटेत कोठेतरी गळते आहे, असे समजावे.

ही गळती शोधण्याची चाचणी अत्यंत सोपी असूनही फार थोडे लोक ती करतात. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सुमारे २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह घेतो. अशा प्रवाहाच्या वाटेत एक शतांश ओहमचा अडथळा आला, तरी २ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि सेल्फपर्यंत बारापैकी दहाच पोहोचतात. एवढा सूक्ष्म अडथळा मल्टीमीटरच्या ओहमच्या पट्टीवर दिसत नाही. प्रवाह वाहत असतानाच तो उघडा पडतो. म्हणून मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (टर्मिनलच्या पट्ट्यावर नव्हे, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर टेकवावी आणि सेल्फ मारावा. वाचन अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर त्या वाटेत दोष आहे. मग एक सुई खांबावरच ठेवून दुसरी क्रमाने टर्मिनलवर, केबलच्या थिंबलवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) आणि बोल्टवर सरकवत न्यावी. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी घेतो, तो सांधा खराब आहे. याच रीतीने निगेटिव्ह खांब आणि सेल्फची धातूची बॉडी यांच्यामध्ये मोजावे. येथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट मी चालवून घेत नाही.

निगेटिव्हच्या या बाजूला थोडे थांबायला हवे, कारण जीपचे इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. चॅसिसवरून इंजिनाकडे येणारी विणलेल्या तांब्याची पट्टी हीच सेल्फच्या प्रवाहाची परतीची वाट असते. ही पट्टी खाली, चिखलपाण्याच्या माऱ्यात असते. ती हिरवी पडते, तिचे तंतू एकेक करून तुटतात, आणि तरी वरवर पाहता ती जागेवर दिसते.

माझ्या जीपला रंगकाम करून आणल्यावर तिसऱ्याच दिवशी सेल्फ रडायला लागला. बॅटरी चांगली होती, पॉझिटिव्ह बाजूची घट अवघी ०.२ व्होल्ट होती, निगेटिव्ह बाजूची मात्र २.६ निघाली. दोन-तीनदा सेल्फ मारून मोजत असताना स्टॉपच्या केबलला सहज हात लागला, तर ती पोळण्याइतकी गरम झालेली होती. प्रवाहाला हक्काची वाट मिळत नव्हती, म्हणून तो इंजिनाकडून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या त्या बारीक पोलादी केबलीतून परतत होता. खाली जाऊन अर्थ पट्टीचा बोल्ट सोडला, तेव्हा थिंबलखाली चॅसिसचा नवा काळा रंग अखंड होता. फक्त बोल्टच्या आट्यांपाशी नखाएवढी जागा खरवडलेली होती आणि सगळा प्रवाह तेवढ्यावर चालला होता. रंग पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, नवी पट्टी दातेरी वॉशर घालून आवळली आणि वरून ग्रीस लावले. त्यानंतरचे वाचन ०.१ व्होल्ट आले. सेल्फ मारताना स्टॉप, अ‍ॅक्सिलरेटर किंवा स्पीडोमीटर यांची केबल गरम होत असेल, तर अन्यत्र शोधण्यापूर्वी इंजिनाचा अर्थ पाहावा.

दोन्ही वाटा निर्दोष निघाल्या, तर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये सेल्फ मारताना मोजावे, ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट म्हणजे आतील तांब्याचे संपर्क जळाले आहेत. सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर त्या वेळी ९ व्होल्टही पोहोचत नसतील, तर इग्निशन स्विच आणि जुने वायरिंग थकलेले आहे. अशा वेळी ४० अँपिअरचा रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) बसवणे हा उत्तम उपाय होय: ३० क्रमांकाच्या पायाला फ्यूजमधून बॅटरीची वायर, ८७ वरून सोलेनॉइडला, ८६ ला किल्लीची वायर आणि ८५ ला अर्थ द्यावा. मग किल्लीतून अगदी थोडाच प्रवाह जातो आणि स्विचचे आयुष्य वाढते.

एवढे होऊनही सेल्फ फिरत नसेल, तरच तो उतरवावा. चिखलात फिरणाऱ्या गाडीत आत मातीचा लेप आणि झिजलेले कार्बन ब्रश सापडतात. थंड असताना चालणारा आणि गरम झाल्यावर अडकणारा सेल्फ असेल, तर बुश (दांड्याला आधार देणाऱ्या नळ्या) तपासावेत. ते झिजले की आर्मेचर (सेल्फचा फिरणारा गाभा) भोवतीच्या पोलला घासते. नवा पितळी बुश बसवण्यापूर्वी तो रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा.

आता इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, अशा स्थितीकडे वळू. आधी स्टॉपची केबल पूर्ण आत गेली आहे का, हे डिझेल इंजेक्शन पंपावरील लिव्हर पाहून तपासावे. गंजलेली केबल अर्ध्यात अडकते. विजेवर चालणारा स्टॉप असल्यास त्याच्या वायरीला किल्ली चालू असताना १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. त्यानंतर सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पुरेशी उष्णता नाही, म्हणजे बहुधा हीटर प्लगचा दोष आहे. प्लगांना जोडणारी पट्टी सोडावी आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प प्रत्येक प्लगच्या टोकाला लावावा. जेथे तो लागत नाही तो प्लग गेलेला आहे. चारपैकी दोन प्लग गेले, तरी उन्हाळ्यात ते जाणवत नाही आणि पहिल्या थंडीत मात्र जीप सकाळी हटून बसते.

धूर अजिबात नसेल, तर डिझेल येतच नाही किंवा लाइनमध्ये एअर आली आहे. पावसाळ्यात प्रथम फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे. मग फिल्टरवरील एअर काढण्याचा स्क्रू सैल करून हँड पंप मारत राहावे. फेस आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की पंप मारत असतानाच स्क्रू आवळावा. तरीही स्टार्ट होत नसेल, तर नोजलकडील पाइपचे नट अर्धा आटा सैल करून, डिझेल उसळेपर्यंत सेल्फ मारावा आणि नट घट्ट करावेत. या पाइपमधील दाब इतका असतो की डिझेलची धार कातडीत शिरू शकते. म्हणून चेहरा दूर, डोळ्यांवर चश्मा आणि हातात फडके असावे.

जीप रात्रभर उभी राहिल्यावर दररोज हँड पंप मारावा लागत असेल, तर टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या वाटेत कोठूनतरी हवा शिरते आहे. ही गळती बाहेर ठिबकत नाही, त्यामुळे ती नजरेतून सुटते. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडून इंजिन चालू ठेवावे: त्यातून बुडबुडे येताना दिसले, तर दोष त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. तेथील तडकलेली रबरी नळी, तिची सैल क्लिप आणि सांध्यातील दबलेले तांब्याचे वॉशर बदलावेत. जुने वॉशर उलटे करून पुन्हा वापरू नयेत. नव्याची किंमत नगण्य असते, आणि बदलल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हँड पंपाला हात न लावता जीप स्टार्ट होते का, ते पाहावे.