सेल्फ मारला की नुसतं टक-टक: बॅटरी बदलली त्याचा अनुभव

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारताना नुसतं टक-टक व्हायचं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावायचे. थेट नवी बॅटरी न आणता आधी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला. चांगली, पूर्ण चार्ज बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इथे ११.९ होते. जंप देऊन (दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून) इंजिन चालू केल्यावर १४.२ आले, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. ही तपासणी कुणीही टाळू नये, कारण अल्टरनेटर बिघडलेला असेल तर नवी बॅटरीसुद्धा उतरतच राहते. मग जुनी बॅटरी पूर्ण चार्ज करून, दोन्ही केबल काढून ठेवली तरी सकाळपर्यंत ती बसलेलीच. दोष बॅटरीतच होता.

काढताना आधी निगेटिव्ह, मगच पॉझिटिव्ह; बसवताना नेमकं उलट. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. आत सल्फ्युरिक ॲसिड असतं, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. नवी घेताना आकार, अँपिअर-अवर (बॅटरीची क्षमता) आणि टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत ते जुन्याशी ताडून पाहिलं. केबलच्या टोकाच्या क्लॅम्पवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासली, कोरडं करून व्हॅसलीन लावलं. बॅटरी जागेवर धरून ठेवणारी खालची पट्टीही घट्ट आवळली. हादऱ्यांनी आतल्या प्लेट खराब होतात.

आता गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर चार्जर लावून ठेवतो. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत दिली. त्यातलं शिसं कचऱ्यात जाता कामा नये.