अमिनो अ‍ॅसिडची बाटली घेताय? आधी कुंडीतली माती बघा

मृग लागला की मुंबईत गच्चीवर काय आणि रुळांकडेच्या माठ-भेंडीच्या वाफ्यांत काय, पानं पिवळी पडायची तक्रार ठरलेली. जून ते सप्टेंबर इथे 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. कुंडीच्या बुडातून चहासारखं पाणी गळताना दिसलं की समजायचं, नत्र चाललं. मग दुकानदार अमिनो अ‍ॅसिडची बाटली पुढे सरकवतो.

घ्या, पण लेबल वाचून. अमिनो अ‍ॅसिडं म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक. त्यातलं ग्लायसीन सोडलं तर बाकीची चपलांसारखी, डावी आणि उजवी. प्रथिनं बांधायला पिकाला डावीच लागतात. बाटलीतला माल बऱ्याचदा कातडं, पिसं असल्या प्रथिनांचे तुकडे करून बनतो. एंझाइमने तुकडे केले तर डावी डावीच राहतात. कडक अल्कलीत उकळले तर बरीचशी उजवी होऊन बसतात. उजवी पिकाच्या फारशी कामाची नाहीत, काही तर कोवळ्या रोपाची वाढच अडवतात. म्हणून 'एंझाइमॅटिक' लिहिलेली बाटली घ्यावी.

मातीतल्या बॅक्टेरियांना मात्र उजवी लागतात. त्यांच्याकडे रेसिमेज नावाची एंझाइमं असतात, डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं करणारी. अ‍ॅलानिन हे असंच एक अमिनो अ‍ॅसिड. अ‍ॅलानिन रेसिमेजने बनवलेलं उजवं अ‍ॅलानिन त्यांच्या पेशीभित्तीत विटेसारखं बसतं. प्रथिनं कापणारी नेहमीची एंझाइमं तिथे सहसा चालत नाहीत. बॅक्टेरिया मेला की त्याच्या भिंतीतलं हे अ‍ॅलानिन दुसरे बॅक्टेरिया पुन्हा फिरवून खातात आणि नत्र मोकळं होतं. थोडक्यात, जिवंत मातीत उजवा मालही पचतो. नव्या कोऱ्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ही मंडळी फार कमी.

गेल्या जूनमध्ये मी कोकोपीटच्या ट्रेमधल्या मिरचीच्या रोपांवर दुप्पट मात्रेने अमिनो अ‍ॅसिडचा फवारा मारला. चौथ्या दिवशी पानांच्या कडा विड्यांसारख्या वळल्या. चूक माझीच.

तेव्हा कोकोपीट वापरत असाल तर त्यात निम्मं गांडूळखत आणि जुन्या, निरोगी कुंडीतली दोन मुठी माती कालवा. आठवडाभर ओलसर ठेवा, चिखल नको. मगच रोपं लावा. बाटलीची मात्रा लेबलच्या निम्म्याने सुरू करा, उघडीप बघून सकाळी मुळाशी द्या. भर पावसात दिलेलं खत खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर उतरतं आणि सोसायटीत तुमचं नाव निघतं.

रोपं बुंध्याशी काळी पडून कोलमडली तर अँटिबायोटिकची पावडर टाकू नका. ते काम बहुधा पिथियमसारख्या बुरशीवजा जिवाचं असतं, त्याला ही औषधं लागू पडत नाहीत. मरतात ते तुमचे कामाचे बॅक्टेरिया. अँटिबायोटिक म्हणजे काय चीज आहे बघा: मातीतल्याच स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या बॅक्टेरियापासून मिळालेलं सायक्लोसेरिन नेमकं अ‍ॅलानिन रेसिमेजच बंद पाडतं, आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवर डॉक्टर ते देतात. कुंडीसाठी भोकं मोकळी करा, खाली दोन विटा ठेवा, रोपं विरळ करा आणि खतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून द्या.