कोकणातलं कुलूपबंद गाव गाडीने कसं बघायचं

आधी एक सांगून टाकतो, कोकणातलं ‘ओसाड गाव’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यातली बरीच गावं ओसाड नाहीत, नुसती कुलूपबंद आहेत. माणसं मुंबई-ठाण्यात आहेत. २००१ ते २०११ मधे महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत होती तेव्हा रत्नागिरी जिल्हा सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला, सिंधुदुर्गही घटला. म्हणजे तुम्ही कोणाच्या तरी घरी, ते नसताना जाताय, एवढं डोक्यात ठेवा आणि ते भुताखेताचं म्युझिक टाकायचं सोडा.

गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चाकरमानी येतात, गाव भरलेलं असतं. रिकामं बघायचं तर डिसेंबर-जानेवारी. पावसात अजिबात नको, कातळावर शेवाळ आणि गवतात पाय कुठे पडतोय कळत नाही.

गाडी छोटी घ्या. टाकी हायवेवरच फुल करा, स्टेपनीतली हवा चेक करा, मॅप ऑफलाइन डाउनलोड करा पण त्याच्यावर फार विसंबू नका, तो पाखाडीलाही, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेलाही, रस्ता समजतो आणि जांभ्याच्या पायऱ्यांसमोर नेऊन उभा करतो, मग बसा रिव्हर्स मारत. माझा साधा हिशोब, एसटी जाते तिथपर्यंत बिनधास्त जायचं, पुढे आधी उतरून चालत बघून यायचं की गाडी वळेल का. चढणारी गाडी समोर आली तर तिला आधी वाट द्या. पार्किंग एसटी स्टॉपजवळ किंवा विचारून देवळाबाहेर, कोणाच्या सारवलेल्या खळ्यात नाही.

उतरलात की पहिलं माणूस शोधा. एखादी आजी पडवीत असतेच, आणि पहिला प्रश्न येणार, “कोणाकडे आलात?” सरळ सांगा, आजी, गाव बघायला आलोय, जुनी घरं बघायचीत. बंद घरांच्या किल्ल्या बऱ्याचदा शेजारी नाहीतर भावकीत असतात, त्यांनी उघडून दाखवलं तरच आत, नाहीतर बाहेरूनच.

बाहेरूनही खूप कळतं. तुळशीपुढचं अंगण झाडलेलं असेल तर कोणीतरी येऊन जातंय. आधी छप्पर बघा. माकडांनी चार कौलं फोडली की पाणी वाशांवर, मग वाळवी, मग मातीची भिंत बसते, आणि शेवटी जांभ्याचा चौथरा तेवढा उरतो. दुरुस्ती का नाही केली विचारलंत तर सातबारा निघतो, त्यावर डझनभर नावं, एक भाऊ खर्चाला तयार तर दुसरा सहीला नाही! मला तरी वाटतं निम्मी घरं पावसाने नाही, या सामायिक कागदाने पाडली.

पडक्या घरात आणि गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणाच्या, फटीत हात घालू नका. या भागात फुरसं हा विषारी साप भरपूर, लहान असतो आणि दगडात दिसत नाही. बूट हवेतच. चावलाच तर बांधणं-कापणं काही नको, १०८ ला फोन आणि तडक सरकारी हॉस्पिटल. रेंज नसेल तर गावात विचारा, कुठल्या सड्यावर (उंचावरच्या कातळाच्या माळावर) मिळते ते त्यांना पाठ असतं.

फोटो टाकताना वाडीचं नाव, लोकेशन टाकू नका, बंद घरात तांब्याची भांडी असतात. आणि उजेड असतानाच निघा, रात्री गुरं डांबरावर बसलेली असतात आणि वळणावर एकदम समोर येतात.