हॉटेल प्रोजेक्टचं सस्टेनेबिलिटी असेसमेंट: या फील्डमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

या कामात, म्हणजे हॉटेलचा निसर्गावर आणि आसपासच्या लोकांवर काय परिणाम होईल हे तपासायच्या कामात, यायचंय म्हणणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात की लीड शिकू, ब्रीम शिकू की एज. शिका की, तिन्ही उपयोगी आहेत, पण ही ग्रीन बिल्डिंगची सर्टिफिकेशन्स मुख्यतः इमारत तपासतात हे लक्षात ठेवा. एजमध्ये बघा, ऊर्जा, पाणी आणि बांधकाम साहित्य या तिन्हीत नेहमीच्या बांधकामापेक्षा किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. चांगलंच आहे ते, पण त्या किनाऱ्याला किंवा त्या डोंगराला अजून एक हॉटेल झेपेल का हा प्रश्न त्यात येतच नाही, आणि मला विचाराल तर आपलं खरं काम तिथूनच सुरू होतं.

फिलिपिन्समधल्या बोराकायचं उदाहरण जरूर वाचा. एप्रिल २०१८ मध्ये सरकारने अख्खं बेट सहा महिने पर्यटकांसाठी बंद केलं, मोठं कारण म्हणजे हॉटेलं आणि बाकीच्या धंद्यांचं सांडपाणी समुद्रात जात होतं. ऑक्टोबरमध्ये उघडलं तेव्हा एका वेळी १९,२०० पर्यटक अशी मर्यादा घातली. हा आकडा बेटाचा आहे, कुठल्या एका हॉटेलचा नाही, तिथली एकेक इमारत कितीही हिरवी असती तरी हा हिशोब कुणालातरी करावाच लागला असता.

आता पाण्याकडे येतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो. रिपोर्टमध्ये जवळजवळ नेहमीच वर्षाची सरासरी दिलेली असते. समजा १०० खोल्या आहेत, सरासरी ६० टक्के भरलेल्या, खोलीत २ माणसं, म्हणजे रोजचे १२० पाहुणे. पण सुट्ट्यांत हॉटेल फुल असतं, एक्स्ट्रा बेड टाकून खोलीमागे अडीच माणसं धरली तर झाले २५०, वर स्टाफ, लाँड्री, हॉलमधलं लग्न वेगळंच. आणि बऱ्याच ठिकाणी गर्दीचा सीझन नेमका कोरड्या महिन्यांत येतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हाच मागणी दुप्पट. त्यामुळे महिन्यावारी आकडे मागा, शक्य असेल तर सगळ्यात वाईट आठवड्याचे, आणि टँकरची बिलं मागायला अजिबात संकोच करू नका, कारण मीटरवर टँकरचं पाणी बहुतेक वेळा दिसतच नाही.

सांडपाण्याचा प्लांट चालू आहे असं सगळेच सांगतात. तिथे उभं राहून दोन गोष्टी बघायच्या. ब्लोअरला, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राला, वेगळं वीज मीटर असेल तर त्याचं रीडिंग, आणि गाळ कधी उपसून कुठे नेला त्याची नोंद. प्लांट रोज नीट चालत असेल तर गाळ साठणारच, वर्षभर काहीच बाहेर गेलं नसेल तर पुढचे प्रश्न तिथूनच सुरू करा.

कार्बनसाठी हॉटेल कार्बन मेजरमेंट इनिशिएटिव्हची पद्धत शिकून घ्या, त्यात भरलेल्या खोलीमागे रोजचं उत्सर्जन काढतात. फक्त लक्षात असू द्या की हॉटेल रिकामं असलं तरी लॉबीचा एसी, फ्रीजर चालूच राहतात, त्यामुळे कमी बुकिंगच्या महिन्यात हा आकडा फुगतो, तो बघून लगेच कुणाला दोष देऊ नका. आणि जुनी इमारत दुरुस्त करता येत असेल तर तो पर्याय तुलनेत हवाच, नव्या सिमेंट आणि स्टीलचा कार्बन पहिला पाहुणा यायच्या आधीच हवेत गेलेला असतो.

माणसांचा भाग नवीन लोक शेवटच्या पानावर ढकलतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. स्थानिकांना किती नोकऱ्या एवढंच नको, कुठल्या पदावर, बारमाही की सीझनपुरत्या, स्टाफ राहतो कुठे, किनाऱ्यावर जायची जुनी वाट कुंपणात गेली का, हे सगळं विचारा. जीएसटीसीचे, म्हणजे ग्लोबल सस्टेनेबल टूरिझम कौन्सिलचे, निकष यासाठी चांगले आहेत, व्यवस्थापन, समाज-अर्थकारण, संस्कृती, पर्यावरण असे चार भाग, आणि हॉटेलसाठी वेगळे, डेस्टिनेशनसाठी वेगळे, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

डिग्री आर्किटेक्चर, एन्व्हायर्न्मेंट, हॉटेल मॅनेजमेंट कुठलीही चालते, एक्सेल मात्र पक्कं हवं आणि प्लंबिंगचे ड्रॉइंग वाचता यायला हवेत. सुरुवात करायची तर एखाद्या रिसॉर्टचा पर्यावरण परिणाम अहवाल शोधा, बरेचसे सार्वजनिक असतात, त्यातलं पाण्याचं गणित फुल सीझन धरून स्वतः परत मांडा आणि ती शीट इंटरव्ह्यूला सोबत घेऊन जा.