दुकानात जाण्याआधी: वेगळ्या ट्वीटरच्या कार स्टिरिओची तयारी

सर्वांत आधी दोन वस्तू आणा: शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. अ‍ॅम्प (आवाजाला जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर), स्पीकर, वायरी हे सगळं त्यानंतर. गाडीत वेगळे ट्वीटर (उंच पट्टीचे छोटे स्पीकर) बसवून प्रत्येक स्पीकरला अ‍ॅम्पचा स्वतःचा चॅनल, म्हणजे वेगळी वाट, द्यायचा बेत असेल, तर ट्वीटर नेमके कुठे बसणार हे ठरल्याशिवाय बाकी एकही वस्तू ठरत नाही. मी अ‍ॅम्पपासून सुरुवात केली होती. ट्वीटरची जागा शेवटी बदलली आणि अर्ध्या वायरी पुन्हा ओढाव्या लागल्या. ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवली ते माजिवडा या गाड्यांच्या रांगेत माझं रोजचं ऐकणं होतं, म्हणून ते नीट व्हावं असं मनापासून वाटत होतं. ही यादी त्या दोन वेळच्या कामातून तयार झाली आहे.

ट्वीटरसाठी बहुतेक गाड्यांत तीनच जागा निघतात. साइड मिररच्या आतल्या बाजूचा तिकोनी प्लास्टिकचा तुकडा, पुढच्या काचेशेजारचा ए-पिलर आणि डॅशबोर्डचा कोपरा. डॅशबोर्डवर ठेवलेल्या ट्वीटरचा आवाज काचेवर आपटून पुन्हा कानात येतो आणि ‘स’, ‘श’ टोचायला लागतात. ए-पिलर ऐकायला बहुधा सर्वांत चांगला असतो, पण गाडीला पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतील तर त्या पिलरच्या कव्हरखालून गेलेल्या असू शकतात. पिलरवर ‘एअरबॅग’ असं कोरलेलं दिसलं, तर तिथे ना भोक पाडायचं ना फायबरचा उंचवटा चढवायचा. या बाबतीत कुणाचंही ‘काही होत नाही’ ऐकू नका. तिकोनी तुकडा हा मधला मार्ग, आणि मी शेवटी तिथेच आलो.

जागा कागदावर ठरवू नका, कानाने ठरवा. मित्राकडचे जुने ट्वीटर चार दिवस मागून आणा, लांब वायर जोडा, टेपने चिकटवा आणि चालकाच्या सीटवर नेहमी बसता तसेच बसा. एकाच गायिकेचा आवाज आणि मागे तंबोरा असं एखादं ध्वनिमुद्रण लावा. आवाज डॅशबोर्डच्या वर, समोर कुठेतरी उभा राहिला पाहिजे. तो उजव्या गुडघ्यापाशी किंवा उजव्या कानाला चिकटून येत असेल, तर ट्वीटरचं तोंड जरा फिरवा. पलीकडच्या सीटच्या दिशेने, मग आतल्या आरशाच्या दिशेने, मग दोन्हींच्या मध्ये. दहा-पंधरा अंशांनी किती फरक पडतो ते ऐकूनच पटतं. जागा पक्की झाली की पेन्सिलने खूण करा आणि फोटो काढा.

आता मोजपट्टी. डोकं जिथे असतं तिथून प्रत्येक स्पीकरपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. आपल्याकडे चालक उजवीकडे, त्यामुळे उजवे स्पीकर जवळ आणि डावे लांब. माझ्या गाडीत उजवा ट्वीटर ८० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या दारातला मोठा स्पीकर १४० वर. आपल्या ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे ३५ सेंटिमीटर. त्या ६० सेंटिमीटरच्या फरकासाठी उजव्या ट्वीटरला १.७ मिलिसेकंद थांबवावं लागतं, तेव्हा दोघांचा आवाज कानात एकदम पोचतो. सर्वांत लांबच्या स्पीकरला शून्य आणि जवळच्याला सर्वांत जास्त, असा हिशेब. ही अंतरं डीएसपीत, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा जुळवणाऱ्या डिजिटल प्रोसेसरमध्ये, भरायची असतात, म्हणून कागद जपून ठेवा.

हे थांबवणं प्रत्येक स्पीकरला वेगळं करता यावं, यासाठीच तर चॅनल वेगळे हवेत. कंपोनंट सेटबरोबर (वेगळे ट्वीटर आणि मोठे स्पीकर असलेला संच) जो छोटा पॅसिव्ह क्रॉसओव्हरचा डबा मिळतो, तो एकाच चॅनलमधून आलेला आवाज ट्वीटर आणि मिडबासमध्ये, म्हणजे दारातल्या मोठ्या स्पीकरमध्ये, वाटतो. काम सोपं होतं, अ‍ॅम्प लहान लागतो, पण ट्वीटरला वेगळा उशीर देता येत नाही. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत आधी डीएसपी वाटणी करतो आणि मग प्रत्येकाला अ‍ॅम्पचा चॅनल मिळतो. हिशेब सरळ आहे: ट्वीटर २, मिडबास २, सबवूफर (सर्वांत खालच्या सुरांचा स्पीकर) १, एकूण ५. मध्ये वेगळा मिडरेंज (मधल्या पट्टीचा स्पीकर) घातलात तर ७. मागच्या दारांतले स्पीकर मी मोजत नाही. मागे माणसं रोज बसत असतील तर ते हेड युनिटवरच (डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर) मंद आवाजात राहू द्यात.

आवाज कुठे तोडायचा, म्हणजे मिडबास आणि ट्वीटरची हद्द (क्रॉसओव्हर) किती हर्ट्झवर ठेवायची, हाही प्रश्न वस्तू घेण्याआधीचाच. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरचा शंकू साधारण १३ सेंटिमीटर रुंद असतो, आणि २,६०० हर्ट्झच्या आसपास ध्वनिलहरीची लांबीही तेवढीच होते. त्याच्यावर गेलं की स्पीकर टॉर्चसारखा एका दिशेनेच फेकायला लागतो, आणि दारात त्याची दिशा आपल्या पोटऱ्यांकडे असते. म्हणजे गाण्याचा तो भाग खाली हरवतो. ट्वीटरने त्याच्या आधीच काम हाती घेतलेलं बरं. पण ट्वीटरलाही खाली मर्यादा असते. त्याच्या कागदावर स्वतःची कंपनसंख्या, एफएस, लिहिलेली असते. क्रॉसओव्हर निदान त्याच्या दुप्पट हवा. एफएस १,२५० असेल तर २,५०० ला तोडता येतं, १,८०० असेल तर ३,६०० च्या खाली जाऊ नका. म्हणून ट्वीटर घेताना वॉटचा आकडा बाजूला ठेवा आणि एफएस विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर डबा उघडून माहितीपत्रक बघा, तेही नसेल तर तो सेट सोडून द्या. क्रॉसओव्हरचा उतार दर सप्तकाला २४ डेसिबल ठेवा. मग एक सप्तक खाली ट्वीटरला पोचणारी शक्ती सुमारे अडीचशे पटींनी कमी होते.

आणि प्रत्येक ट्वीटरच्या वायरीत एक कॅपॅसिटर. यावर मी अडून बसेन. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत ट्वीटर आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये काहीच नसतं, सगळा भरवसा सेटिंगवर. पायोनियरच्या काही हेड युनिटमध्ये ‘नेटवर्क मोड’ असतो. त्यात पुढचे, मागचे आणि सबचे आउटपुट उंच, मधल्या आणि खालच्या पट्टीचे होतात. वेगळा डीएसपी घ्यायचा नसेल तर ती सोय उत्तम आहे. पण माझ्या सर्व्हिसिंगच्या वेळी बॅटरी काढली गेली, हेड युनिट मूळ सेटिंगवर गेलं आणि पुढच्या सकाळी पहिल्याच गाण्यातला डग्गा थेट ट्वीटरमध्ये गेला. उजवा ट्वीटर तिथेच संपला. ४ ओहमच्या ट्वीटरला ४७ मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा, नॉन-पोलर कॅपॅसिटर लावला की साधारण ८५० हर्ट्झच्या खालचं अडत जातं. खरा क्रॉसओव्हर त्याच्या खूप वर असल्यामुळे ऐकण्यात फरक पडत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. चार घेऊन ठेवा.

अ‍ॅम्पचं गणित लांबवत नाही. चार चॅनल ७५ वॉट आणि सबला ३००, असे ६०० वॉट आरएमएस (सलग मिळणारी शक्ती) धरले आणि क्लास डी अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर पूर्ण जोरात ७५० वॉट लागतात. १३.८ व्होल्टला ते ५४ अँपिअर होतात. गाण्यात सरासरी याच्या बरीच खाली असते, पण वायर आणि फ्यूज याच आकड्यावर ठरवायचे. ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची वायर, ६० अँपिअरचा फ्यूज आणि तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. फ्यूज वायरीला आग लागू नये म्हणून असतो. अ‍ॅम्पजवळ लावला तर मधली सगळी वायर संरक्षणाविना राहते. वायर शुद्ध तांब्याची आहे का ते दुकानातच पाहा: एक धागा ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. अर्थिंगसाठी अ‍ॅम्पजवळच बॉडीचा रंग घासून लोखंड उघडं करायचं, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळायचा आणि वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब ठेवायची नाही. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए (आवाजाचा सिग्नल नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी ऐकू येते ती बहुतेक वेळा खराब अर्थिंगमुळे येते.

कंपनीचा स्क्रीन काढता येत नसेल तर हाय-लेव्हल इनपुट असलेला, म्हणजे थेट स्पीकरच्या वायरीतून आवाज घेणारा, डीएसपी घ्या आणि वायर न कापता कपलरने (प्लगसारख्या जोडाने) जोडा, म्हणजे वॉरंटीवरून वाद होण्याची शक्यता कमी होते.

डिकीचा विचार ठाणे-नवी मुंबईत वेगळा करावा लागतो, कारण कितीतरी गाड्यांत तिथे सीएनजीची टाकी आहे. माझ्याही. दहा इंची वूफरच्या बंद पेटीला वीस ते पंचवीस लिटर जागा लागते. ती टाकीच्या बाजूच्या कप्प्यात बसवता येते, नाहीतर सीटखालचा चपटा सब घ्या. त्यात डग्ग्याची घुमी थोडी कमी मिळते, पण टाकीला रेटून ठोकलेल्या पेटीपेक्षा तो केव्हाही चांगला. टाकीत गॅस २०० बारच्या दाबाने असतो आणि त्याची नळी गाडीखालून इंजिनपर्यंत जाते. त्यामुळे डिकीच्या किंवा केबिनच्या तळाला गाडी वर घेऊन खालून बघितल्याशिवाय स्क्रू मारू द्यायचा नाही. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) असते आणि तेव्हा ती बाहेर काढावी लागते. म्हणून पेटी चार नटांवर आणि वायर प्लगवर ठेवा, पाच मिनिटांत सुटली पाहिजे.

दारांचं काम पावसाळ्यात काढू नका. ऑक्टोबर ते मे हे त्याचे महिने. ओलसर पत्र्यावर ब्युटिलची (पत्र्याचा कंप दाबणारी चिकट) शीट धरत नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसा, मग शीट लावून रोलरने दाबा. आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद झाली की मिडबासचा पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खात नाहीत. तबल्याचा डावा ऐकू यायला लागतो तो इथे, अ‍ॅम्प बदलून नव्हे. दाराच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रं मात्र मोकळीच ठेवा, आणि आतला प्लास्टिकचा पडदा काढलात तर परत नीट चिकटवा. जुलैमध्ये घोडबंदरला दोन तास अडकलं की काचेच्या फटीतून दारात किती पाणी उतरतं ते कळतं. स्पीकरच्या वर प्लास्टिकची छोटी पागोळी लावून घ्या.

जुळवणीसाठी एक पूर्ण दिवस राखा. अ‍ॅम्पचा गेन (आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) लावताना स्पीकर सोडवून मल्टीमीटर जोडायचा. ४ ओहमला ७५ वॉट म्हणजे १७.३ व्होल्ट, मिडबासचा गेन त्याच्या पुढे नेऊ नका. ट्वीटरचा गेन सर्वांत खालून सुरू करून कानाने वाढवा. यूएसबी माइक मिळाला तर आरईडब्ल्यू हे आवाज मोजणारं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवा, पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांचा चाचणीचा खरखराट) लावा आणि माइक डोक्याच्या जागेभोवती फिरवत मोजा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे दिवसा करा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि बंद काचांतूनही सबचा आवाज वरच्या मजल्यावर जातो. वरच्या आजींची झोप मोडणं बरं नाही.

थांबलेल्या गाडीत जुळलेलं धावत्या गाडीत तसंच राहत नाही. टायरचा आवाज खालच्या पट्ट्या झाकतो. रविवारी सकाळी नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर, वाशीहून बेलापूरकडे, एक फेरी मारा. सोबत कुणालातरी घ्या म्हणजे तुम्ही रस्त्याकडे बघाल आणि ते सेटिंग बदलतील. टाळ आणि झांज असलेलं कीर्तन लावा: झांज स्वच्छ वाजून विझली पाहिजे, फुटता कामा नये. मग एकट्या पुरुषाचा बोलण्याचा आवाज. तो छातीतून आल्यासारखा वाटला तर मिडबास आणि ट्वीटरची वाटणी जमली. सबचा आवाज डिकीतून येतोय असं वाटलं, तर त्याचा ८० हर्ट्झचा क्रॉसओव्हर ७० किंवा ६० वर आणा.

परत आल्यावर सगळे आकडे एका कागदावर उतरवा: अंतरं, मिलिसेकंद, क्रॉसओव्हर, उतार, गेनच्या खुणा, फ्यूजचा अँपिअर. एक प्रत ग्लोव्ह बॉक्समध्ये आरसीच्या झेरॉक्सशेजारी ठेवा आणि एक घरी. कागदावर वर मोठ्या अक्षरांत लिहा: बॅटरी काढल्यावर स्टिरिओ सुरू करू नये, आधी मालकाला फोन करावा.