क्विल्टेड जॅकेटच्या चुण्या अशा गेल्या

जॅकेटचे तीन थर रेघारेघांनी एकत्र शिवायचे (हेच क्विल्टिंग): वर खणाचं कापड, मध्ये पॉलिस्टर वॅडिंग (भरावाचा मऊ थर), आत मलमलचं अस्तर. मशीनचे दाते अस्तर ओढतात आणि फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) वरचं कापड अडवतो, त्यामुळे प्रत्येक रेघेच्या टोकाला चुण्या. टाचण्या वाढवूनही फरक पडेना. शेवटी गोधडीला घालतात तसा लांब धावदोरा चार-चार बोटांवर घातला, फुटाचा दाब कमी केला, टाका 3 मिमी ठेवला, सुई 14 नंबरची लावली आणि मधून कडेकडे शिवत गेले. चुण्या गायब! (वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही सोबत सरकवणारा फूट, असेल तर ही कटकट बरीच वाचते.)

क्विल्टिंगने कापड आक्रसतं, म्हणून तुकडे मोठे ठेवून मापाला नंतरच कापले. खांद्याची शिवण मात्र फारच जाड झाली. तिथलं वॅडिंग शिवणीलगत कातरून टाकलं, कडा तिरक्या कापलेल्या कापडाच्या पट्टीने बांधल्या. मलमल आधी धुऊन घ्या, ती आटते.