नव्या गाडीतला वास: कोणता घालवायचा, कोणत्याला घाबरायचं

मे महिन्यात अकोल्याकडे दुपारभर उन्हात उभ्या गाडीचं दार उघडलं की तोंडावर भपका येतो. आमच्या काकू मागे बसल्या अन् म्हणाल्या, "डोकं भणभणून रायलं, काचा खाली कर!" काकूंचं खरं होतं. गाडी इलेक्ट्रिक असो की सीएनजी, हा नवेपणाचा वास इंधनाचा नसतो. डॅशबोर्डचं प्लास्टिक, सीटचा फोम, रेक्झिन, गोंद यांतून फॉर्माल्डिहाइड, टोल्युइन अशी रसायनं हवेत उतरतात आणि ऊन तापलं की जास्तच.

आधी सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक काढा. गाडी नवी दिसावी म्हणून ते सहा-सहा महिने ठेवतात. तेही तापतं, वास मारतं. मग बसण्यापूर्वी एका बाजूची काच पूर्ण खाली करा आणि तिच्या विरुद्ध बाजूचं दार पाच-सहा वेळा उघड-बंद करा, कोंडलेली हवा बाहेर फेकली जाते. निघताना काचा उघड्याच ठेवा, पंखा जोरात करा, आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. गारवा आल्यावरच काचा लावा. मोबाइलवरून एसी सुरू होणारी इलेक्ट्रिक गाडी असेल, तर चार्जिंगला असतानाच तो लावा. गाडी निंबाच्या सावलीत, काचा बोटभर खाली ठेवून उभी करा. डॅशबोर्ड ओल्या फडक्यानं पुसत राहा. परफ्यूमची बाटली मात्र लटकवू नका. ती रसायनात रसायन मिसळते आणि पुढच्या धोक्याचा वासही झाकते.

तो धोका असा: सीएनजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून सडक्या अंड्यासारखा वास मुद्दाम मिसळतात. तो आला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना उतरवा. लाइट, पंखा, मोबाइल कशालाच हात लावू नका, बिडी-काडी तर नाहीच. टाकीचा व्हॉल्व्ह सहज हाताशी असेल तरच बंद करा आणि लांब जाऊन मेकॅनिकला बोलवा. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबानं होणारी मजबुतीची तपासणी, दर 3 वर्षांनी करून घ्या.

इलेक्ट्रिक गाडीत गोडसर, थिनरसारखा वास आला, त्यातही पांदणीत दगड खाली लागल्यानंतर, तर बॅटरीकडे संशय घ्या. चार्जिंग चालू असेल अन् हात सुरक्षित पोचत असेल तर मेन स्विच पाडा आणि दूर व्हा. धूर दिसला तर अग्निशमनाला 101 वर फोन लावा. म्हणूनच चार्जर कुटाराच्या ढिगाजवळ किंवा पऱ्हाटीच्या गंजीशेजारी बसवू नका.